बोका, गोमूत्र आणि पोतं

घाटंजीच्या बसस्टँडवरून मी बोका गावी आणला, तेव्हा सासूबाईंची एकच अट होती: घरात घाण नको. म्हणून आधी त्याला यवतमाळला नेऊन नसबंदी करून घेतली आणि आता हा घरात मुतणार नाही असं छातीठोकपणे सांगून बसले. चौथ्या दिवशी त्याने शेपटी ताठ केली आणि पुढच्या खोलीत रचलेल्या कापसावर धार मारली.

सासूबाईंनी खुंटीवरचं रिकामं पोतं काढून दाराशी ठेवलं. "बाजाराच्या दिवशी घाटंजीले जाशीनच नं? ह्याले यात घाल अन् जिथून आनला तिथं सोडून ये."

बाजाराला पाच दिवस होते.

आमच्या घरी काही विटाळलं की गोमूत्र शिंपडतात. मीही तांब्या घेऊन बोक्याच्या मागे लागले. दारामागे, शिलाई मशीनच्या पायाशी, कापसाच्या कडेने, त्याने धार मारली की पुसायचं आणि वरून गोमूत्र. मी जितकं शिंपडावं तितका तो चेकाळावा! दिवसातून दोनदाचं सहादा झालं. एकदा तर रागाच्या भरात मी त्याला केरसुणी फेकून मारली. तो कापसामागे दडला आणि दिवसभर जेवला नाही. मग मीच रडत बसले.

बाजाराच्या आदल्या दिवशी जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. सासूबाई शेजारी तूर निवडत होत्या, म्हणून मुद्दाम फोन स्पीकरवर ठेवला.

"ताई, नसबंदी झाली तरी अंगातला जोर उतराले महिना-दोन महिने लागते," डॉक्टर म्हणाले. "अन् गोमूत्र कायले शिंपडता? त्याच्या नाकाले ते दुसऱ्या जनावराचं मूत आहे. तो भेवानं सांगून राह्यला का मी इथं राहतो, अन् तुमी रोज सांगून राह्यल्या का इथं दुसरंच कोनी राहते. साबनाच्या कोमट पान्यानं धुवा. जिथं मुतते तिथंच त्याचं अंथरून टाका."

मला हसू आलं, मग ती केरसुणी आठवली.

"नव्या घरी भेव लागतेच," मान वर न करता सासूबाई म्हणाल्या. माझ्या लग्नाला बावीस वर्षं झाली, मला हे त्या कधी बोलल्या नव्हत्या.

सकाळी उठले तर दाराशी पोतं नव्हतं. पुढच्या खोलीत धावले. कापूस एका बाजूला सरकवलेला होता आणि मोकळ्या कोपऱ्यात तेच पोतं चौघडी करून अंथरलं होतं, वर सासूबाईंचं जुनं लुगडं. बोका त्यावर अंग चाटत बसला होता. गोमूत्राचा तांब्या बाहेर तुळशीपाशी गेला होता.

सासूबाईंनी बाजाराची पिशवी माझ्या हातात दिली.

"येतांनी त्याच्यासाठी सुकट आनजो," त्या म्हणाल्या.

आमच्या घराच्या उंबरठ्याआत तोवर कधी सुकट आली नव्हती.