शेपटीचं चाक

नापाससाहेबांना जगात एकच गोष्ट मनापासून आवडायची, ती म्हणजे दुसऱ्याची चूक. एकतीस वर्षं ते कारखान्यात तपासनीस होते. टेबलावर येणारा प्रत्येक भाग मापायचा आणि केसभर जरी कमीजास्त निघाला तरी त्याला लाल चिठ्ठी बांधायची, हे त्यांचं काम. चिठ्ठीवर तीन रकाने असत: भाग, तारीख, कारण. कारणाचा रकाना ते फार चवीनं भरत. कामगारांनी ठेवलेलं नाव त्यांच्या कानावर आलं होतं आणि ते त्यांना पदवीसारखं वाटायचं. निवृत्तीच्या दिवशी भेट मिळालेलं घड्याळ त्यांनी पुढच्याच आठवड्यात परत नेऊन दिलं, दीड मिनिट मागे पडतं म्हणून. लग्न त्यांनी केलं नव्हतं. ते का, असं कोणी विचारलं नाही. जे ओळखत होते त्यांना विचारायची गरज वाटली नाही.

ते खालच्या मजल्यावर राहत आणि वरच्या मजल्यावर त्यांचे थोरले भाऊ, दादा. दादा दुकानांचे बोर्ड रंगवायचे. पट्टी नाही, माप नाही, एक डोळा मिटायचा आणि ब्रश ओढायचा. अक्षरं सुरेख यायची, आणि नेमकं हेच नापाससाहेबांच्या डोळ्यांत सलायचं. अंदाजपंचे काम करून माणूस जन्मभर सुखी कसा राहतो, हे त्यांना कधी कळलं नाही. त्यातून दादांना विमानांचा नाद. हलक्या लाकडाची, वर कापडासारखा चिकट कागद ताणून बसवलेली, रिमोटवर उडणारी विमानं. शेवटचं बांधायला तीन वर्षं लागली आणि ते जेवणाच्या टेबलाएवढं रुंद झालं. नापाससाहेबांनी त्याचे दोन्ही पंख मापून पाहिले होते. डावा अडीच मिलिमीटरनं लांब भरला. ही गोष्ट ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

मग दादांना अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात, उजवा पाय गेला. जीभ शाबूत राहिली, डावा हात शाबूत राहिला. रिमोटला दोन दांड्या असतात. उजवीनं विमान वर-खाली करायचं, कलवायचं; डावीनं वेग कमीजास्त करायचा आणि शेपटीवरची उभी फळी, म्हणजे सुकाणू, वळवायचं. तेव्हा उडवणं संपलं. वर्षभर विमान माळ्यावर पडून होतं आणि दादा खिडकीशी. मग एक दिवस त्यांच्या डोक्यात आलं की उडवायला दोन हात लागतात, पण जमिनीवरून चालवायला डावा एकटा पुरेल. अडचण एवढीच होती की विमानाच्या शेपटीखाली नुसती वाकवलेली तार होती. ती जमिनीवर घासत जायची आणि हळू वेगात विमान वळायचंच नाही. तिथं एक छोटं चाक बसवलं, सुकाणूबरोबर वळणारं, तर दादा विमान मैदानातल्या धावपट्टीच्या टोकापर्यंत स्वतः नेतील. तिथून चष्म्याच्या दुकानाचे मालक, जे त्या मैदानावर सगळ्यांत चांगलं उडवत, ते हवेत नेतील, उतरवतील आणि रिमोट पुन्हा दादांच्या मांडीवर ठेवतील.

"उडवणं गेलं," दादा म्हणाले, "पण निदान घरी तरी मीच आणीन त्याला."

वर्षभरात त्यांनी मागितलेली ही पहिली गोष्ट, असं वहिनींनी जिन्यात थांबून सांगितलं. चाक बसवायला दोन हात हवेत, आणि घरात असल्या कामाला सरावलेले दोन धड हात नापाससाहेबांचेच होते.

त्यांनी उपकार केल्यासारखं काम घेतलं. दादांनी सांगितलं होतं की सुकाणू आणि चाक यांच्यामध्ये दोन बारीक स्प्रिंगा घाल, चाकाला जरा मोकळीक राहू दे. नापाससाहेबांनी ते कानामागे टाकलं. मोकळीक हा शब्द त्यांनी हजार वेळा लाल चिठ्ठीवर लिहिला होता. स्प्रिंग म्हणजे ज्याला नेमकं माप जमत नाही त्याची पळवाट, असं त्यांचं मत. अकरा दिवस घासून, मापून, पुन्हा घासून त्यांनी पोलादी तारेचा ताठ जोड बनवला. सुकाणू जितकं वळेल तितकंच चाक वळणार, तसूभर कमी नाही की जास्त नाही. काम देखणं झालं होतं, हे त्यांच्या शत्रूनंही कबूल केलं असतं. तशी शत्रूंची वानवा नव्हती.

दादांनी डाव्या हाताचं बोट चाकावर ठेवून ते हलवून पाहिलं. चाक जराही हललं नाही. स्प्रिंगांचं काय झालं, असं त्यांनी विचारलं. नापाससाहेब म्हणाले की ही काही दुकानावरची अक्षरं नव्हेत अंदाजानं काढायला. दादांनी चाकावरचं बोट काढून घेतलं. धाकट्यापुढे माघार घ्यायची त्यांना चाळीस वर्षांची सवय होती.

रविवारी सगळे मैदानावर गेले. बंद पडलेल्या गिरणीमागे काँक्रीटची जुनी पट्टी होती, मोठमोठ्या चौकोनांची, आणि दोन चौकोनांच्या मध्ये बोटभर फट. दादांना खुर्चीत बसवलं, मांडीवर रिमोट ठेवला. डाव्या अंगठ्यानं त्यांनी दांडी लोटली आणि विमान चालू लागलं. डावीकडे वळलं, उजवीकडे वळलं. वहिनी हसल्या. नापाससाहेबांनी आजूबाजूच्यांकडे पाहून घेतलं, म्हणजे काम कोणाचं आहे हे कोणाला विचारावं लागू नये.

तिसऱ्या फटीवर चाक आदळलं. शेपटीला हिसका बसला आणि विमान एकाच बाजूला गोल फिरायला लागलं. दादांनी दांडी उलट ओढली, काही उपयोग झाला नाही. वेग कमी करेपर्यंत विमान चष्मेवाल्यांच्या टेबलाच्या पायावर जाऊन धडकलं आणि पुढचा पंखा तुटला.

काय झालं, असं चष्मेवाल्यांनी विचारलं. अजून कोणी विमान उचलूनही पाहिलं नव्हतं.

"दादाचा हात चुकला," नापाससाहेब म्हणाले. "डावा आहे ना."

माणूस एकतीस वर्षं दुसऱ्याच्या माथी खापर फोडत आला की त्याला विचार करावा लागत नाही, तोंड आपोआप चालतं. दादांनी आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. धाकटा भाऊ चिक्कट आहे, कुचका आहे, पण तपासणीत कधी चुकत नाही, हे त्यांनी जन्मभर ऐकलं होतं आणि बिचाऱ्यांनी त्यावर विश्वासही ठेवला होता.

घरी येऊन नापाससाहेबांनी शेपटी उघडली. सुकाणू फिरवणारी मोटर असते काडेपेटीपेक्षा लहान, तिला सर्व्हो म्हणतात. तिच्या आतल्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या चक्राचे चार दाते साफ उडाले होते. त्यांना क्षणात कळलं. मध्ये स्प्रिंग असती तर दणका तिनं खाल्ला असता. ताठ जोडातून तो सरळ दात्यांवर गेला. हात मुळीच चुकला नव्हता. त्यांनी सवयीनं खणातून लाल चिठ्ठी काढली. भाग लिहिला, तारीख लिहिली. मग उठून हात धुतले, बराच वेळ धुतले, आणि चिठ्ठी तशीच खणात टाकली.

दोन दिवसांनी वहिनी खाली आल्या. दारातच उभ्या राहिल्या.

"भावजी, यांनी चमचा धरायचं सोडलंय," त्या म्हणाल्या. "डाव्यानं अक्षरं गिरवत होते, तेही बंद. म्हणतात, हाही हात चालला. खरंच हात चुकला होता का?"

"वहिनी, तपासल्याशिवाय मी कधी काही बोललोय का?"

वहिनी वर गेल्या. नापाससाहेबांनी बारीक तार घेतली, खिळ्याभोवती गुंडाळून दोन स्प्रिंगा केल्या, चक्र नवं घातलं, पंखा नवा बसवला. काम याही वेळी देखणं झालं. ते त्यांनी दादांपुढे ठेवलं आणि सांगितलं की तुझ्या हाताला झेपेल असं जरा सोपं करून आणलंय. असलं वाक्य उच्चारताना माणसाची जीभ झडायला हवी. त्यांची झडली नाही.

पुढच्या रविवारी दादा रिमोटला हात लावायला तयार नव्हते. चष्मेवाल्यांनी फारच गळ घातली तेव्हा कुठे त्यांनी अंगठा ठेवला. विमान निघालं. फटींवरून जाताना चाक किंचित नाचायचं, स्प्रिंगा ताणल्या जायच्या, सैलावायच्या, आणि विमान सुतासारखं सरळ जायचं. टोकाला गेलं. चष्मेवाल्यांनी रिमोट घेऊन ते उडवलं, मैदानावरून चार फेऱ्या मारल्या, उतरवलं आणि रिमोट परत दादांच्या मांडीवर ठेवला. दादांनी एकट्या डाव्या हातानं ते सबंध पट्टीवरून चालवत आणलं आणि आपल्या बुटापासून वीतभर अंतरावर थांबवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दादांचे डोळे भरून आले होते.

"हाताचं आता काही खरं नाही," ते सगळ्यांना म्हणाले. "भावानं चाकच तसं केलं, म्हणून जमलं."

मग ज्यांना ज्यांना नापाससाहेबांनी कधी ना कधी नावं ठेवली होती, त्यांनीही येऊन त्यांची पाठ थोपटली. नापाससाहेबांनी ती थोपटून घेतली.

वहिनींनी थर्मासमधून चहा ओतला. एक कप त्यांनी दादांच्या डाव्या हातापाशी नेला. दादांनी हात मागे घेऊन मांडीवरच्या शालीखाली लपवला.

"नको, सांडेल," ते म्हणाले. "तूच पाज."

वहिनींनी कप त्यांच्या ओठांना लावला. पाजता पाजता त्यांनी कपावरून नापाससाहेबांकडे पाहिलं. त्या रागावलेल्या नव्हत्या. तपासणारा माणूस समोर बसलाय, तो काही बोलेल, म्हणून त्या वाट बघत होत्या. बोलायचं एकच वाक्य होतं. हात चुकला नव्हता, मी चुकलो. लाल चिठ्ठीच्या रकान्यात मावेल एवढं.

नापाससाहेबांनी तोंड उघडलं. आपल्या कपातला एक घोट घेतला.

"चहा जरा पाणचट झालाय," ते म्हणाले.