घरचं पाणी

माझ्या गाडीचं इंजिन माझ्या घरच्या पाण्यानं गेलं, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला सांगितलं, इंजिन म्हातारं झालं होतं. मित्रांना त्याहून वाईट सांगितलं.

गाडी जुनी, पेट्रोलची. पन्नाशीच्या तोंडावर मी तिला सुपरचार्जर बसवून घेतला. बायको म्हणाली, "आधी स्वतःच्या गुडघ्यांना काहीतरी बसवा." तिचं बरोबर होतं, पण हौसेला मोल नसतं. सुपरचार्जर हवा दाबून इंजिनात कोंबतो, त्यानं ताकद वाढते. पण दाबलेली हवा तापते, मग पेट्रोल वेळेआधीच पेटतं आणि इंजिन आतून खडखडायला लागतं. त्यावर उपाय म्हणजे पाणी. डिकीत एक टाकी, एक छोटा पंप, आणि हवेच्या वाटेवर मोहरीएवढं भोक असलेलं नोझल. अ‍ॅक्सिलरेटर जोरात दाबला की बारीक फवारा उडतो आणि आत जाणारी हवा थंड होते. काही लोक त्यात मिथेनॉलही मिसळतात. आमचे मिस्त्री म्हणाले, "ते विष आहे साहेब, डोळे जातात माणसाचे. आपण नुसत्या पाण्यावर भागवू."

मिस्त्री येरवड्याचे. पुढे पत्र्याच्या शेडमध्ये गॅरेज, मागे घर. भिंतीवर निळ्या कोटातली तसबीर, तिच्याखाली बुद्धाची लहानशी मूर्ती, आणि सगळं गॅरेज ग्रीसनं माखलेलं असताना त्या दोन्हींवर एक डाग नाही. पाण्याचं हे काम त्यांनी माझ्याच गाडीत पहिल्यांदा केलं. चार दिवस खपून, स्वतःच्या डोक्यानं. एक गिऱ्हाईक तसंच काम करून घ्यायला तयार होतं, पण माझी गाडी उन्हाळाभर कशी चालते ते बघून मग हो म्हणणार होतं. "तुमची गाडी चालली की माझं नाव चाललं," मिस्त्री म्हणायचे. टाकीच्या झाकणावर त्यांनी लाल रंगानं लिहिलं होतं, 'फक्त बॅटरीचं पाणी'. म्हणजे डिस्टिल्ड, ज्यात क्षार नसतात ते. त्याचा निळा कॅन गॅरेजच्या दारातच असायचा.

आता माझी गोष्ट. तीन वर्षं मी तिथे जात होतो. गेलो की वहिनी, म्हणजे मिस्त्रींच्या पत्नी, आतून स्टीलच्या पेल्यात पाणी घेऊन यायच्या. मी हात जोडायचो आणि पिशवीतली बाटली दाखवायचो. "अहो, राहू द्या वहिनी, पोट जरा नाजूक आहे माझं. घरचं पाणी आणलंय." पोट नाजूक म्हणे! त्याच पोटानं स्वारगेटला उभ्या उभ्या भेळ हाणली आहे, वर बर्फ घातलेला उसाचा रस ढोसला आहे.

'घरचं पाणी' हा आमच्याकडचा जुना शब्द. प्रवासाला निघालं की आई तांब्या भरून द्यायची. कुणाकडचं चालतं आणि कुणाकडचं नाही, हे कुणी तोंडानं बोलायचं नाही, नुसता तांब्या भरायचा. मी तांब्याची बाटली केली, एवढीच काय ती माझी प्रगती. आणि स्वतःला मी पुरोगामी समजत होतो. कप्पाळ माझं!

एप्रिलात एकदा टाकी अर्धी रिकामी झाली म्हणून मी गॅरेजवर गेलो. मिस्त्री दुसऱ्या गाडीखाली होते. तिथूनच म्हणाले, "साहेब, तो निळा कॅन घ्या की. घाला तुमच्या हातानं." मी कॅनपाशी गेलो. त्याच्या तोंडावर स्टीलचा पेला पालथा घातलेला होता, वहिनी मला पाणी आणायच्या तसलाच. मी परत फिरलो. गाडीत घरच्या पाण्याचा पाच लिटरचा कॅन होता, तो टाकीत ओतला. उकळलेलं, गाळलेलं, खडकवासल्याचं पाणी. याहून चांगलं गाडीला काय मिळणार, असं मी मनाशी म्हटलं. पण ते नंतर. आधी फक्त एवढंच झालं, की त्या कॅनला हात लावावासा वाटला नाही. बाकीची कारणं मी मागाहून गोळा केली.

"घातलं का?" मिस्त्रींनी विचारलं. "घातलं," मी म्हणालो. पुढे दोन महिने टाकी मी घरीच भरत होतो. उन्हाळ्यात आमच्या सोसायटीत खडकवासल्याचं पाणी निम्मंच येतं, उरलेलं बोअरचं आणि टँकरचं, हे मला पक्कं ठाऊक होतं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्यावरून सगळ्यात मोठ्यानं मीच भांडलो होतो.

जूनच्या तोंडाशी खंबाटकीच्या चढाला इंजिन खडखडलं, पांढरा धूर निघाला आणि गाडी बसली. ती ओढून येरवड्याला आणली, तेव्हा ते ठरलेलं गिऱ्हाईक नेमकं गॅरेजमध्येच उभं होतं. मी गाडीतून उतरलो तो ओरडतच. "काय भरून ठेवता हो त्या कॅनमध्ये? कसलं पाणी आहे ते तुमचं?" चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. मिस्त्रींनी फडक्याला हात पुसले आणि बॉनेट उघडलं. आतून पेला घेऊन येणाऱ्या वहिनी दारातच थांबल्या. गिऱ्हाईकानं गाडीची किल्ली खिशात टाकली, "बघू पुढे" म्हणालं आणि निघून गेलं. संध्याकाळी मी गाडीवाल्या मित्रांच्या ग्रुपवर लिहिलं, की त्या गॅरेजला कुणी जाऊ नका.

तीन दिवसांनी मिस्त्रींनी बोलावलं. इंजिन उघडलेलं होतं, पिस्टनची कड वितळली होती. नोझलचं भोक पांढऱ्या क्षारानं गच्च बुजलं होतं. त्यांनी चहाचा स्टोव्ह पेटवला आणि दोन स्टीलच्या वाट्या घेतल्या. एकीत निळ्या कॅनमधलं पाणी घातलं, दुसरीत माझ्या टाकीतलं उरलेलं. एकेक वाटी ठेवून दोन्ही आटवल्या. कॅनची वाटी स्वच्छ निघाली. माझ्या वाटीच्या तळाला पांढरा थर होता, अगदी आमच्या बंबाच्या आत धरतो तसा.

मिस्त्री थरावरून बोट फिरवत म्हणाले, "साहेब, तीन वर्षं मी हिला सांगतोय, त्यांचं पोट नाजूक आहे, मनावर घेऊ नकोस." मग वाटी माझ्यासमोर ठेवली. "पण गाडीचं पोट तर नाजूक नव्हतं ना?"

मला तोंड वर करवेना. माफी मागायला हवी होती. त्या गिऱ्हाईकाला तिथूनच फोन लावायला हवा होता; माझ्या गाडीची चौकशी करायला त्यानं मला दोनदा फोन केला होता, नंबर माझ्याकडे होता. मी म्हणालो, "दुरुस्त कधी होईल?" शरम वाटते हो लिहिताना. खरंच हेच म्हणालो मी. ग्रुपवरचं ते वाक्यही अजून तसंच आहे.

गाडी घ्यायला गेलो त्या दिवशी मुद्दाम बाटली घरी ठेवली. दुपारचं ऊन होतं आणि घसा खरंच कोरडा पडला होता. मिस्त्री म्हणाले, "टाकी भरली आहे. बॅटरीच्या पाण्यानं." यापुढे गाडी दुसरीकडे दाखवा, असंही त्यांनी सांगितलं, आवाज न चढवता. मी दारापाशी गेलो आणि आत बघून म्हणालो, "वहिनी, जरा पाणी द्याल का?"

त्या बाहेर आल्या, पायात चपला घातल्या आणि रस्त्यापलीकडच्या दुकानात गेल्या. परत आल्या त्या दुकानातली बाटली घेऊन. मला पेला द्यायच्या तशीच दोन्ही हातांनी त्यांनी ती पुढे केली.

"सील बघून घ्या," त्या म्हणाल्या.