शेवटच्या फेरीतली निवड

हीथ्रोवरून निखिल गेला तेव्हा त्याला नीट जवळ घ्यायचं राहूनच गेलं, कारण मी त्याच्या बॅगेपायी पेचात सापडले होते. बॅग कसली, आत माणूस झोपेल एवढं धूड. त्यात हेल्मेट, गार्ड, स्केट्सचे दोन जोड आणि त्यांच्या मधोमध मी गुपचूप कोंबलेला मेतकुटाचा डबा. काउंटरवरच्या बाईने बॅग उघडायला लावली आणि डबा वर धरून विचारलं, हे काय आहे? मेतकुटाला इंग्रजीत काय म्हणतात हे वीस वर्षं लंडनच्या हॅरोत राहूनही मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, "पावडर." ह्यांनी कपाळाला हात लावला. मग त्या बाईची समजूत काढण्यात इतका वेळ गेला की शेवटी निखिल पळतच आत गेला. अठरा वर्षांचा माझा मुलगा बर्फावरची हॉकी खेळायला अमेरिकेला निघाला होता, आणि माझं शेवटचं वाक्य होतं, "डब्याचं झाकण घट्ट लाव."

नागपूरकर मंडळींनो, तुम्ही मला आजवर अनेकदा विचारलंत की निखिलच्या हॉकीचं नेमकं झालं काय. मी दर वेळी विषय बदलला. ह्यात लपवाछपवी नव्हती, मलाच ते कळलं नव्हतं. अजूनही पुरतं कळलंय असं नाही.

त्याला हा खेळ कुठून लागला हेच मुळात कोडं आहे. घरात कुणी कॅरमपलीकडे गेलेलं नाही. हे हॉस्पिटलात, मी घरात, आणि हा सात वर्षांचा असताना शाळेतल्या कुणाच्या वाढदिवसाला बर्फाच्या रिंकवर गेला तो तिथलाच झाला. दिवसभर रिंक पब्लिकला लागायची, म्हणून मुलांची प्रॅक्टिस पहाटे. मी दोन स्वेटरवर कोट चढवून थर्मासमधला चहा पीत बाकावर बसायची. घरी आलं की रेडिएटरवर त्याचे गार्ड वाळत पडायचे आणि त्या वासाने पाहुणे लवकर उठायचे. नागपूरहून दादाने कौतुकाने लाकडी हॉकी पाठवली, मैदानावरची, खाली गोल वळलेली. निखिलने ती भिंतीवर टांगली आणि म्हणाला, "मामाला सांग, इट्स ब्यूटिफुल." मामाला मी तेवढंच सांगितलं.

मग दोन हजार दोनच्या जूनमध्ये कोचचा फोन आला. अमेरिकेतल्या मोठ्या लीगमधल्या एका संघाने निखिलला ड्राफ्टमध्ये घेतलं होतं. नवव्या फेरीत, म्हणजे शेवटच्या. फेरीबिरी मी ऐकलीच नाही. मी फोन ठेवला आणि ओरडले, "अहो, निखिलची अमेरिकेच्या टीममध्ये निवड झाली!"

हा शब्द माझा. सगळा घोळ ह्या एका शब्दाने केला. निवड म्हटल्यावर आपल्या डोक्यात काय येतं? पेपरात नाव, अंगावर संघाचा शर्ट, टीव्हीवर राष्ट्रगीत. ईलिंग रोडवरून पाच किलो पेढे आणले. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात शाल-श्रीफळ देऊन त्याचा सत्कार झाला. निखिल शाल गळ्याशी धरून उभा, आणि अध्यक्षीणबाई विचारतायत, मॅच कुठल्या चॅनेलवर लागणार?

घरी येताना गाडीत तो म्हणाला, "आई, ड्राफ्ट म्हणजे सिलेक्शन नाही. दे जस्ट ओन माय राइट्स. दुसरा टीम मला घेऊ शकत नाही, दॅट्स ऑल."

"म्हणजे त्यांनी तुला घेतलंच ना?"

"घेतला आणि नाही घेतला."

असं कसं असेल? मी म्हटलं, पोरगा लाजतोय.

सप्टेंबरात तो संघाच्या कॅम्पला गेला, जिथे खेळवून बघतात आणि मग कुणाला ठेवायचं ते ठरवतात. तोच हा हीथ्रोचा प्रसंग. अकराव्या दिवशी परत आला. दार उघडलं तर तीच बॅग, तोच डबा, झाकण घट्ट. पुढच्या वर्षी पुन्हा गेला, पुन्हा आला. त्याच्या पुढच्या वर्षी बोलावणंच आलं नाही. संघाने त्याच्यावरचा हक्क सोडून दिला, आणि तेही ह्याला कुठल्याशा यादीत स्वतःचं नाव न दिसल्यावर कळलं. लोक भेटले की विचारायचे, "परत आला?" मी म्हणायची, "आला." आनंदाने म्हणायचं की वाईट वाटून, ते मला ठरवता येत नसे. मुलगा घरी आला ह्याचा मला आनंद होत होता, खरं सांगते. आणि त्या आनंदाची लाजही वाटत होती.

त्याच सुमाराला एका दुपारी मी स्वयंपाकघरात ताटात तांदूळ घेऊन निवडत बसले होते. निखिल समोर येऊन बसला.

"काय शोधतेस?"

"खडे."

"टिल्डाच्या राईस बॅगमध्ये खडे असतात?"

"नसतात. तरी निवडायचे."

 तो माझ्या बोटांकडे पाहत म्हणाला, "तू सगळ्यांना सांगितला ना, माझा निवड झाला. निवडायचा म्हणजे हेच ना? मग मी राईस होतो की खडा?"

माझी बोटं थांबली. तांदूळ निवडताना आपण बोटांनी उचलतो तो खडा, आणि तो फेकतो. ठेवायचा तो तांदूळ, त्याला कुणी हातही लावत नाही. आणि तरी आपण म्हणतो, तांदूळ निवडले. पन्नाशी आली तरी हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. आणि मग मी जे केलं त्याची टोचणी आजही आहे. मी म्हटलं, "माझा निवड नाही रे, माझी निवड. निवड स्त्रीलिंगी आहे."

"राइट," तो म्हणाला आणि उठून गेला. महिन्याभरात स्कॉटलंडमधल्या एका गावाच्या टीममध्ये गेला, कायमचा.

त्यानंतर मला माझी स्वतःची निवड सारखी आठवू लागली. हे इंग्लंडहून तीन आठवड्यांच्या रजेवर मुली बघायला आले होते. नागपुरातल्या यादीत मी सगळ्यात शेवटची. परतीच्या आदल्या दिवशी, चहाचीसुद्धा घाई. "तुम्हीही शेवटच्या फेरीतच घेतलीत मला," असं मी ह्यांना चिडवते, आणि हे म्हणतात, "पण कॅम्पमधून परत नाही पाठवली." मी निघाले तेव्हा विमानतळावर माझी आई मात्र हसली नव्हती. माझी वेणी सारखी करत म्हणाली होती, "निवडून नेलंय त्यांनी तुला. आता मागे बघू नकोस." मी ते आशीर्वादासारखं घेतलं. हॅरोला मला आवडतं का, राहायचंय का, हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही. नागपूरला फोनवर "घरी कधी येतेस?" असं तुम्ही विचारता, तेव्हा मी क्षणभर अडखळते ते त्यामुळेच. तिकडून येताना विमानात मी शेजारणीला सांगते, घरी चाललेय. जाताना दुसऱ्या शेजारणीलाही तेच सांगते. दोन्ही वेळा खरंच बोलत असते.

परवा आम्ही दोघं निखिलकडे जाऊन आलो. आठवडाभर तो लोकांचे गॅस बॉयलर दुरुस्त करतो आणि शनिवार-रविवारी खेळतो. रिंक छोटी, पत्र्याची. लोक थोडे, पण सगळे त्याला नावाने हाका मारणारे. "कमॉन, निक!" एक म्हातारी माझ्या शेजारी बसली होती. मी त्याची आई आहे हे कळल्यावर तिने तिच्या थर्मासमधला चहा मला दिला. टीम हरली. निखिल हसत बाहेर आला. ओठ फुटलेला.

त्याने नुकतंच घर घेतलंय. दोन खोल्या, जिना अरुंद, आणि वरच्या खिडकीतून रिंकचं छप्पर दिसतं. भिंतीवर दादाने पाठवलेली हॉकी. इतका लांब, इतक्या थंडीत, आणि तेही हरणाऱ्या टीमसाठी. माझ्या तोंडून निघूनच गेलं, "आता घरी कधी येतोस?"

तो रागावला नाही. जेवणाचं ताट पुसता पुसता म्हणाला, "आई, हॅरोला येईन ना, ख्रिसमसला. पण घर हा आहे. हा घर मी निवडला."

घर नपुंसकलिंगी. हे घर मी निवडलं. वाक्य दुरुस्त होऊन माझ्या जिभेवर तयार होतं. मी त्याच्या फुटलेल्या ओठाकडे पाहिलं आणि ते गिळलं.

"छान निवडलास," मी त्याच्याच व्याकरणात म्हटलं.