गाडी वाजली नाही

सेलूचे किराणा दुकानदार सदाशिवराव अंगणात गाडी मागे घेऊ लागले, की त्यांच्या पत्नी वच्छलाबाईंनी मागे जाऊन उभं राहायचं, ही घरची रीत होती. हात पिठाचे असले तरी त्या यायच्या आणि डिकीवर थाप मारत ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणायच्या. दोन हजार आठ साली मुलाने, योगेंद्रने, वर्ध्याहून मागच्या बंपरवर चार बटणं बसवून आणली. मागे काही आडवं आलं की गाडीत पीं-पीं वाजायचं.

“तुह्या मायची ड्यूटी संपली,” सदाशिवराव म्हणाले. “इले आता पेन्शन लाव.”

वच्छलाबाई हसल्या. हळूहळू त्यांची उठायची सवयच मोडली. अंगणात निवडत-पाखडत बसलेल्या असल्या आणि गाडी मागे येऊ लागली, तरी त्या हलत नसत. आत वाजायचं, ब्रेक लागायचा, मग त्या सूप घेऊन बाजूला व्हायच्या.

दसऱ्याला सदाशिवरावांनी गाडीची पूजा केली. चाकांना, दिव्यांना आणि नव्या बटणांनाही कालवलेलं हळदकुंकू थापलं, वर अक्षता चिकटवल्या. दुसऱ्या दिवशी वच्छलाबाई अंगणात मूग निवडत बसल्या होत्या. गाडी सुरू झालेली त्यांनी ऐकली. त्या निवडत राहिल्या.

घोटा चाकाखाली गेला. आधी त्यांना सांडलेले मूग दिसले, दुखणं मागाहून आलं. काठीशिवाय आता चालता येणार नाही, असं दवाखान्यात सांगितलं.

भेटायला त्यांचे भाऊ बंडूजी आले. “वाजलंच नाई, बंडूजी!” सदाशिवराव सांगू लागले. “डबा बटणं देल्ली त्या वर्ध्याच्या दुकानदारानं!” सगळ्यांना ते हेच सांगत. वच्छलाबाई छताकडे बघत ऐकत. ‘मी मागं पाहिलं नाही’, एवढं एकदा नवऱ्याच्या तोंडून यावं, इतकंच त्यांना हवं होतं.

मग योगेंद्र गाडी पुसून आला. “बाबा, बटणं कुंकवानं बुजली होती. आता वाजून राह्यली.”

“मंग काय पूजा नाई कराची?” सदाशिवराव खेकसले आणि खाटेकडे वळले. “अन् तुले आवाज आलता ना गाडीचा? उठली काऊन नाई?”

वच्छलाबाईंना राग यायला हवा होता. आला नाही.

“मले वाटलं, वाजन.”

सदाशिवराव खाटेच्या कडेला बसले. “मलेबी तेच वाटलं,” ते म्हणाले. “म्हून पाह्यलं नाई मांगं.”

हवं होतं ते कानावर आलं. वच्छलाबाईंना काहीच वाटलं नाही. त्यांनी योगेंद्रला पायावरची चादर सारखी करायला सांगितली.