पलाऊचा चंद्र आणि माझे व्याही

माझ्या व्याह्यांचा या जगात एकाच गोष्टीवर गाढ विश्वास आहे, तो म्हणजे स्वतःच्या संशयावर. माझ्या लेकीचे सासरे हे. नाशिकच्या एका कारखान्यात जन्मभर तयार माल तपासून निवृत्त झाले, पण हात काही निवृत्त झाला नाही. लग्नाच्या बैठकीत आम्ही दिलेला पेढा त्यांनी फोडून आत पाहिला, आणि तेव्हाची मी, नटूनथटून बसलेली बावळट, लेकीच्या कानात म्हणाले, "किती चौकस घर मिळालं गं!" स्वतःच्या लग्नाआधी मी नवऱ्याचा फोटोसुद्धा लाजून उलटा धरला होता. माझी पारख ती काय असणार!

गेल्या हिवाळ्यात नातीच्या, सईच्या ओढीने व्याही आणि मी, दोघंही सौदीतल्या यान्बूला, लेक-जावयाकडे राहायला गेलो. तिथे त्यांच्या संशयाला मोकळं रान मिळालं. लबान म्हणजे आपलं ताकच, पण बाटली उजेडात धरून पाहिल्याशिवाय ते घोट घेत नसत. खालचा दुकानदार हसून बोलला, म्हणजे खजूर जुने. हसला नाही, तर फारच जुने. माझ्या चहाचा आधी वास. "विहीणबाई, आलं ताजं होतं ना?" "छे हो, तुमच्यासाठी मुद्दाम शिळं करून ठेवलं होतं." यावर ते कप खाली ठेवून माझ्याकडे रोखून पाहत.

अशात सईच्या शाळेत देशोदेशींच्या झेंड्यांचा कार्यक्रम ठरला. तो पाहायला मिळावा म्हणून व्याह्यांनी परतीचं तिकीट पुढे ढकललं. सईच्या वाट्याला पलाऊ आला, प्रशांत महासागरातला चिमुकला बेटांचा देश. निळं कापड, त्यावर पिवळा गोल. पोरीने बोटं टोचून घेत स्वतः शिवला. व्याह्यांनी लगेच पट्टी लावली. गोल काठीच्या बाजूला सरकलेला!

"आणि सूर्य इतका फिका?"

"इट्स द मून, आजोबा."

"चंद्र? हळदीच्या रंगाचा?"

सई शाळेत गेल्यावर या गृहस्थांनी टाके उसवले आणि गोल अगदी मधोमध आणून पुन्हा शिवला. माल पास! सईने आल्यावर पाहिलं. रडली नाही, ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "आजोबा, आप किसीपे ट्रस्ट नहीं करते. प्रोग्रॅमला आप मत आना."

त्या संध्याकाळचा चहा त्यांनी वास न घेता प्यायला, तेव्हा मीच घाबरले. मग सईने मला सांगितलेलं सगळं मी त्यांना सांगितलं. तिकडे पौर्णिमा म्हणजे पेरणीची, मासेमारीची, सणाची वेळ. निळा रंग नुसता समुद्राचा नाही; परक्यांचा अंमल जाऊन स्वतःचं राज्य आलं, त्याचा. आणि चंद्र सरकवलाय तो मुद्दाम, झेंडा फडकला की मधोमध दिसावा म्हणून.

"कोणी फडकवून पाहिलंय?" ते म्हणाले. सवयीने. पण चष्मा पुसून त्यांनी स्वतःच टाके उसवले आणि सईच्या सुईची जुनी भोकं शोधत चंद्र होता तिथे नेला.

जावई म्हणाला, "खाली कॉर्निशवर, समुद्रकाठच्या रस्त्यावर, परक्या देशाचा झेंडा नाचवू नका. इकामा, इथे राहायचा परवाना, माझा आहे." म्हणून आम्ही गच्चीवर गेलो. फरशी पुसायच्या काठीला झेंडा बांधला. समुद्राकडून वारा सुटला होता. व्याही वाऱ्याकडे तोंड करून काठी दोन्ही हातांनी धरून उभे, आणि झेंडा त्यांच्या पाठीमागे फडफडतोय. म्हणजे जगातला एकमेव माणूस, ज्याला तो दिसत नव्हता!

"विहीणबाई, आला का मध्ये?"

मी मुद्दाम पदर सावरत राहिले. फुरंगटलेल्या सईला बोलणं भाग पडलं.

"आला, आजोबा. अगदी मध्ये." चक्क मराठीत.

"नक्की?" असं ते विचारणार म्हणून मी कान टवकारले. त्यांनी विचारलं नाही.

"थांबा, मी पकडते, तुम्ही बघा," सई म्हणाली.

"नको. तू पाहिलंस ना."

सई त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, "कल जल्दी रेडी होना." त्यांनी नुसती मान हलवली. वारा पडला, झेंडा काठीला लोंबू लागला, तरी हात काही त्यांनी खाली घेतले नाहीत.