मिरचीचा उंडा

चि. ईशान आणि चि. सई,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर सईने विचारलं, "आजी, व्हाय डझ आजोबा से मिरची बिफोर हॅलो?" ईशानने मोठ्या भावाच्या थाटात तिला गप्प केलं आणि स्ट्रोकमुळे शब्द मिक्स होतात असं सांगून टाकलं. मीही घाईत होते, इट्स अ लाँग स्टोरी म्हणाले आणि विषय बदलला. फोन ठेवल्यावर माझं मलाच बरं वाटेना. आजोबांचे शब्द मिक्स झालेले नाहीत. ते मिरची म्हणतात तेव्हा त्यांना मिरचीच म्हणायचं असतं. माझं सगळं शिक्षण इंग्रजीतून झालं, किराणा सामानाच्या याद्यासुद्धा मी इंग्रजीतच करते. पण ही हकिगत इंग्रजीत सांगायला गेले की तीन वाक्यांत संपते आणि तिच्यातलं काहीच उरत नाही. म्हणून मराठीत लिहिते आहे. आई वाचून दाखवेल. अडेल तिथे तिला थांबवा. आताच लिहिण्याचं आणखी एक कारण म्हणजे तीन आठवड्यांनी लोसार आहे, पेमामावशींचं तिबेटी नवीन वर्ष, आणि त्याच्या आधी तुम्हाला हे ठाऊक असायला हवं.

तुम्हाला आठवतच असेल, आजोबा किती बोलायचे. मंडळाच्या गणपतीला गेलो की परत निघताना दारात त्यांचं खरं बोलणं सुरू व्हायचं. मी कोट घालून, किल्ली हातात धरून अर्धा-अर्धा तास उभी असायची. दोन वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरमध्ये एका सकाळी चहा घेताना त्यांचा कप कलंडला आणि ते माझ्याकडे नुसते बघत राहिले. हॉस्पिटल, रिहॅब, सगळं झालं. उजवा हात अशक्त झाला, पाय मात्र वॉकर धरून चालू लागले. शब्द तेवढे गेले. त्यांना सगळं समजत होतं, डोळ्यांत दिसायचं. पण तोंड उघडलं की नुसता श्वास बाहेर यायचा. मग तेही बंद झालं. डॉक्टर म्हणाले, पहिले काही महिने फार महत्त्वाचे. आजोबांनी प्रयत्नच सोडला तर आहे तेवढंही हातून जाईल, अशी मला धास्ती बसली.

मी काय केलं असेल हे तुम्ही ओळखालच. तक्ता केला. औषधं निळ्या शाईत, व्यायाम हिरव्या, शब्दांचा सराव लाल. स्पीच थेरपिस्टने दिलेली चित्रांची कार्डं दिवसातून चार वेळा समोर धरायची: बॉल, कप, ट्री. बोललेल्या प्रत्येक शब्दापुढे लाल खूण. जानेवारी संपला तरी एकही लाल खूण झाली नव्हती. देवाचंही मी तसंच वेळापत्रक केलं होतं. सकाळी सातला अथर्वशीर्षाची अकरा आवर्तनं, संध्याकाळी दिवा आणि रामरक्षा. एके दिवशी आवर्तनाच्या मध्येच थांबले आणि मनात म्हणाले, तू ऐकतोस की नाही ते तरी सांग. त्या दिवसापासून दिवा लावायची, पण देवाशी अबोला धरला. घरात आता दोघं न बोलणारी झाली होती.

पेमा डिसेंबरपासून आमच्याकडे मदतीला होती. कालिम्पोंगच्या वरच्या बाजूच्या डोंगरातली, पन्नाशीची, गोल चेहऱ्याची. सोमवार ते शुक्रवार आमच्याकडे राहायची आणि शनिवार-रविवार क्वीन्सला बहिणीकडे जायची. तिचं-माझं बोलणं हिंदीतून. ती मला आंटीजी म्हणायची आणि आजोबांशी दिवसभर गप्पा मारायची, जणू ते उत्तरं देत आहेत. मला ते आधी विचित्र वाटायचं. मी तर प्रश्न विचारून त्यांच्या ओठांकडे बघत बसायची. पेमा फक्त बोलायची आणि पुढच्या कामाला लागायची.

तिने मला महिनाभर आधीच सांगून ठेवलं होतं की लोसारच्या दोन दिवस आधीच्या संध्याकाळी तिला बहिणीकडे पोचायचंच आहे. त्यांच्याकडे जुन्या वर्षाचा शेवट त्या संध्याकाळी एका सूपने करतात. गुथुक त्याचं नाव. नऊ जिन्नस घालतात आणि ते घरच्यांनी एकत्र बसून खायचं असतं. इथे आल्यापासून अकरा वर्षांत तिचं ते कधी चुकलं नव्हतं. मी तक्त्यावर तिची सुट्टी लिहिली. आणि नेमक्या त्या सकाळी बर्फ सुरू झालं. दहापर्यंत आमची गल्ली दिसेनाशी झाली, प्रिन्स्टन जंक्शनच्या गाड्या रद्द झाल्या. पेमा कोट घालून, पिशवी भरून खिडकीपाशी बसली होती. रडली नाही. फक्त पिशवीची चेन उघडायची आणि लावायची. आजोबा तिच्याकडे बघत होते. मग त्यांनी डाव्या हाताने माझी बाही ओढली आणि आधी तिच्याकडे, मग स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं. तीन महिन्यांत त्यांनी स्वतःहून मागितलेली ही पहिली गोष्ट.

म्हणून मी म्हटलं, इथेच करू.

पेमाने नऊ जिन्नस मोजले. कणीक, मुळा, वाटाणे, पालक, बटाटा, टोमॅटो, आलं, कांदा आणि तिच्या पिशवीतून निघालेली छुरपी, म्हणजे वाळवलेलं दगडासारखं चीज. मटण आमच्यासाठी वगळलं. कणकेचे शंखासारखे छोटे तुकडे करून सूपमध्ये सोडायचे, आपल्या वरणफळांचे चुलतभाऊच म्हणा. पण खरी गंमत होती मोठ्या उंड्यांची. माणशी एक उंडा, आणि प्रत्येकाच्या पोटात काहीतरी लपवलेलं. तो खायचा नाही, वाडग्यात आला की फोडून बघायचा. लोकर निघाली तर माणूस मऊ मनाचा. कोळसा निघाला तर मनाने काळा. मीठ म्हणजे आळशी, कागद म्हणजे अभ्यासू, आणि मिरची म्हणजे बडबड्या. लोकर आजोबांच्या मफलरची, कागद शब्दांच्या कार्डाचा कोपरा. कोळशासाठी शेजारच्या सुधीरला फोन केला, तेव्हा तो म्हणाला, "काकू, या वेदरमध्ये बार्बेक्यू?" हा सुधीर नागपूरचा, आयटीतला, त्याची बायको मनाली. मी दोघांनाही जेवायलाच बोलावलं. म्हणजे पाच माणसं, पाच उंडे.

आता माझा अपराध सांगते. मिरचीचा उंडा मीच वळत होते आणि माझे हात थांबले. हा त्यांच्या वाडग्यात गेला तर? ज्या माणसाचे शब्द गेले त्याच्यापुढे बडबड्या म्हणून मिरची ठेवायची, आणि तीही पाहुण्यांसमोर? पेमाची पाठ होती. मी लोकरीच्या उंड्याला, उकडीच्या मोदकाला काढतो तसं, वर चिमटीने एक छोटंसं टोक काढलं. मनाशी ठरवलं की वाढायला मी उभी राहीन आणि टोकाचा उंडा त्यांना देईन. देवावर सोडून काही होत नाही हे मी तीन महिने बघत होते. निदान एक उंडा तरी माझ्या हातात असू दे.

सहाच्या सुमाराला सुधीर-मनाली बर्फ तुडवत आले. सुधीरने आल्याआल्या सांगितलं की आमचा ड्राइव्हवे त्याने क्लिअर केला आहे, आणि मनालीने लगेच सांगितलं की तो अर्धाच केला आहे आणि तोही तिने. मी भांड्याचं झाकण काढलं. उकडून उंडे फुगले होते. पाचही गुळगुळीत, गोल, एकसारखे. माझ्या टोकाचा मागमूस नव्हता. मी डाव घेऊन नुसतीच उभी राहिले. पेमाने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग भांड्यात पाहिलं, आणि तिला काय समजायचं ते समजलं असावं. तिने माझ्या हातातून डाव घेतला. हळूच म्हणाली, "आंटीजी, बाँटने वाली मैं भी नहीं हूँ. मैं तो बस कड़छी चलाती हूँ."

सुधीरचा उंडा पहिला फुटला. मीठ. मनाली म्हणाली, "बघ, तिबेटपर्यंत बातमी गेली आहे तुझी." मनालीला कागद मिळाला, तेव्हा सुधीर पुटपुटला की हा तिच्या मास्टर्सच्या लोनचा असणार. पेमाला लोकर मिळाली, आणि तिथे कुणी काही बोललं नाही, कारण ते अगदी बरोबर होतं. मी माझा फोडला आणि बोटं काळी झाली. कोळसा. मी स्वतःच इतकी हसले की मनालीने पाण्याचा ग्लास पुढे केला. चोरी करणाऱ्याला नेमका कोळसा! आणि हसता हसताच माझ्या ध्यानात आलं की आता एकच उंडा उरला आहे, आणि त्यात काय आहे हे टेबलाभोवतीच्या प्रत्येकाला कळलं आहे.

सुधीर वाडग्यात बघू लागला. आजोबांनी डाव्या हाताने उंडा दाबला आणि आतून लाल मिरची डोकावली. पेमाने डोळे मिटले. आजोबा मिरचीकडे बघत राहिले. मग त्यांचे खांदे हलू लागले. मला वाटलं ते रडताहेत, मी उठणारच होते. पण ते हसत होते. आवाज न करता, मग घशातून, मग पूर्वीसारखं मोठ्याने. त्यांनी मिरची चिमटीत उचलली, माझ्या कोळशाशेजारी ठेवली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "अगं... मिर्ची."

त्यांनी मला कधी नावाने हाक मारली नाही. अठ्ठेचाळीस वर्षं 'अगं'च. तीन महिने मी त्यांच्यापुढे बॉल आणि कप धरत होते, आणि त्यांच्या आत अडकलेला शब्द हा होता.

थेरपिस्टने नंतर समजावलं की भावनेच्या भरात असे शब्द बाहेर येऊ शकतात, गाणं किंवा हाक मेंदूत दुसऱ्या वाटेने येते. मी मान डोलावली. ते खरंच असेल. मला त्यावर वाद घालायचा नाही. मी फक्त एवढं सांगते की मी त्यांना जे मिळू नये म्हणून धडपडत होते, तेच त्यांच्या वाडग्यात आलं, आणि त्यांना तेच हवं होतं. ते मिळण्यासाठी माझ्या हातचं टोक जाणं भाग होतं.

जेवणानंतर एक रीत उरली होती. पेमाने कणकेची एक ओबडधोबड बाहुली केली होती. प्रत्येकाने कणकेचा छोटा गोळा मुठीत आवळायचा, दुखऱ्या जागेला लावायचा आणि बाहुलीच्या ताटलीत ठेवायचा. वर्षाचं दुखणं तिच्याबरोबर जातं. आजोबांच्या उजव्या मुठीभोवती मी माझी मूठ आवळली. त्या गोळ्यावर त्यांच्या बोटांचे ठसे उमटले, फिकट, पण चारही. मग उरलेलं सूप ताटलीत ओतून ती चौकात नेऊन ठेवायची आणि मागे न बघता घरी यायचं. सुधीरला सोसायटीच्या नियमांची काळजी. असोसिएशनचं पत्र आलं तर काय लिहायचं, असं तो विचारत होता. पेमा म्हणाली की लिही, पाहुणा होता, गेला.

ताटली मी घेतली. सुधीरने टॉर्च धरला. आमच्या गल्लीच्या तोंडाशी बर्फात ती ठेवली आणि वळले. तुमची आजी बाहेर पडताना गॅस तीनदा बघते आणि कुलूप ओढून बघायला गाडीतून परत उतरते, हे तुम्हाला माहीत आहे. त्या रस्त्यावर माझी मान किती वेळा मागे वळू पाहत होती! ताटली कलंडली का, कुणी गाडी घालेल का. मी वळले नाही. घराच्या खिडकीत आजोबा वॉकर धरून उभे होते, तेवढंच पुढे दिसत होतं. त्या दिवशी देवघरात दिवा लावला तेव्हा काही म्हटलं नाही, काही मागितलं नाही. नुसती बसले. अबोला कधी सुटला ते मला कळलंही नाही.

सकाळी बर्फ काढणारा ट्रक येऊन बाहुलीला घेऊन गेला. असोसिएशनचं पत्र काही आलं नाही. दुपारी गाड्या सुरू झाल्या आणि पेमा नव्या वर्षासाठी क्वीन्सला पोचली. परत आली ती शंकरपाळ्यांसारख्या खापसेंचा डबा आणि आजोबांच्या गळ्यात घालायला पांढरं रेशमी वस्त्र घेऊन. आजोबांनी तिला दारातच सांगितलं, "मिर्ची." तेव्हापासून तोच त्यांचा नमस्कार आहे. तुम्हालाही तोच मिळतो.

तक्त्यातला लाल शाईचा रकाना मी काढून टाकला. सराव अजून करतो, पण पेमासारखा; मी बोलते आणि पुढच्या कामाला लागते. मी प्रयत्न सोडले नाहीत, मुलांनो. फक्त वाढायचा डाव आता माझ्या हातात नाही, हे मला मान्य झालं आहे, आणि त्याने हात बरेच हलके झाले आहेत. ज्याने त्या बर्फात पेमाची ट्रेन थांबवली, त्याचे मी रोज आभार मानते, आणि कुठल्या नावाने मानायचे याची फार चिकित्सा करत नाही.

आजोबांचं पूर्वीचं बोलणं परत आलेलं नाही, आणि येईल असं कुणी म्हणत नाही. आज त्यांच्याकडे चाळीसेक शब्द आहेत. त्यांत अगं आहे, मिरची आहे, चहा, पेमा, बर्फ, नको आणि अजून थोडं आहे. आणि ईशान आहे, आणि सई आहे.