दस्तगीरच्या पाठीवरची माती

बार्शीहून छोटी गाडी सुटली तेव्हा माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती, येरमाळ्याच्या चैत्री जत्रेतली शेवटची कुस्ती. देवीचं दर्शन हे घरी सांगायला होतं, आणि बायकोला ते पक्कं ठाऊक होतं. "देवी डोंगरावर आहे आणि फड खाली आमराईत आहे. आधी वर जा," असं तिनं भाकरी बांधून देताना बजावलं. मी शाळामास्तर, अंगानं काटकुळा. जन्मात कुणाला चीत केलेलं नाही. पण हलगीचा आवाज आला की माझं भान सुटतं, त्याला माझा इलाज नाही.

येडशीला उतरलो आणि पहिला अडथळा दारातच उभा. इथं निजामाची हद्द, म्हणून करोडगिरीचा (जकातीचा) शिपाई प्रत्येकाचं गाठोडं सोडून बघत होता. माझ्या गाठोड्यात जत्रेत मिरवायला घेतलेला कोरा फेटा निघाला.

"ये नया है क्या जी?"

मी तिथल्या तिथं तो डोक्याला गुंडाळला. मला फेटा बांधता येत नाही. एक कान आत, एक बाहेर. "आता जुना झाला," म्हटलं. शिपायाला हसू आवरेना. कुणाची कुस्ती बघायला निघालात, असं त्यानं विचारलं. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "बेंबळीच्या दस्तगीर पैलवानाची."

त्याचं हसू गेलं. "वो? वो तो पिछले साल बिक गया था."

मला राग आला. दस्तगीरच्या चार कुस्त्या मी बार्शीत पाहिल्या होत्या. पण गेल्या साली येरमाळ्याला मी नव्हतो, त्यामुळे तोंड मिटून बाहेर पडलो.

बाहेर जत्रेला निघालेल्या बैलगाड्यांची रांग होती. एका गाडीवर पांढऱ्या मिशांचा, कान मोडलेला म्हातारा एकटाच बसला होता. मोडलेले कान पाहूनच ओळखलं, हा तालमीतला माणूस. मी जागा मागितली, त्यानं सरकून दिली. चार कोस रस्ता, लढाईच्या दिवसांत मोटारीला तेल नाही, आणि दोन्ही बाजूंना काळं रान नुसतं भाजून निघालेलं. बोलता बोलता कळलं की हे खंडू वस्ताद, म्हणजे दस्तगीरला लंगोट बांधायला शिकवणारे खुद्द त्याचे गुरू.

"मग तुम्ही त्याच्याबरोबर कसे नाही?" मी विचारलं.

"बोलत न्हाय म्या त्येच्याशी. साल झालं."

मग त्यांनी सगळं सांगितलं. गेल्या साली भूमच्या मारुती पैलवानासमोर दस्तगीर हाताला हात लागतो न लागतो तोच पडला. लोकांनी माती फेकली, ठरवून पडला म्हणाले. दस्तगीर म्हणत होता, अंगात ताप होता.

"ताप व्हता तर उतरायचं न्हाय. उतरला तर मला सांगायचं," वस्ताद म्हणाले. "दोनी केलं न्हाय. लोक म्हनले इकला गेला, तवा म्या बी म्हनलो. तालमीचं दार लावून घेतलं. म्हनलं, मारुतीला पाडल्याबिगर ह्या मातीत पाय ठिवू नगं."

वर्षभर दस्तगीरनं एकट्यानं आपल्या शेतात खड्डा खणून मेहनत केली होती. या वर्षी त्यानं आपणहून मारुतीच मागून घेतला होता. तीही निकाली कुस्ती, बरोबरीत सोडवायची नाही.

"मग तुम्ही कशाला चाललात?"

"बघाया," म्हातारा म्हणाला आणि बैलांवर उगीचच खेकसला.

येरमाळ्याला पोचेतो ऊन डोक्यावर आलं. बायकोचं ऐकून आधी डोंगर चढलो. पायऱ्यांना तव्यासारखा चटका होता, आणि मी देवीकडे जे मागितलं ते घरच्यांसाठी नव्हतं. खाली आल्यावर वस्तादांनी गाडीच्या सावलीत जेवायला बसवलं. माझ्या भाकरी आणि त्यांची येसर आमटी (भाजलेल्या धान्या-डाळींच्या पिठाची झणझणीत आमटी). नाकाडोळ्यांतून पाणी आलं. "मास्तर, ही खाऊन पैलवान रडत न्हायती," म्हणत त्यांनी आणखी वाढली.

फड आमराईत होता. मधे तांबड्या मातीचा हौद, तेल, ताक आणि हळद घालून मऊ केलेला. एका अंगाला खुर्चीवर अमीनसाहेब (पोलिस अंमलदार) आणि तीन पंच, बाकी चहूकडं माणसंच माणसं. आंब्याच्या फांद्यांवरही माणसं लगडली होती. नाटकाला जाणारा प्रेक्षक वेगळा आणि हा वेगळा. इथं बघणारा बसल्या जागी कुस्ती खेळतो. आत कुणी पट काढला की माझ्या डावीकडचा अत्तरवाला माझा गुडघा धरून ओढायचा. मागचा एक धनगर डाव सुचवत होता आणि पैलवानानं तो केला नाही की माझ्या पाठीत गुद्दा घालत होता. मीही कुणाची तरी मान आवळली होती. तो ओरडला तेव्हा कळलं.

निकालाची इथली एक रीत मला फार आवडली. कुस्तीआधी दोघांची पाठ ओल्या फडक्यानं लख्ख पुसायची. कुस्ती संपली की पंच दोघांना पाठमोरं उभं करून खांद्यांच्या खाली बघणार. जिथं माती, तिथं हार. किती सोपी, असं तेव्हा वाटलं.

शेवटच्या कुस्तीला हलगीचा ठेका बदलला. मारुती आला, उंच आणि हसतमुख. पाठोपाठ दस्तगीर आला तेव्हा फडाच्या निम्म्या भागातून "इकलेला! इकलेला!" असा गलका उठला. त्यानं मान वळवली नाही. वाकून मातीला हात लावला, मूठभर घेऊन कडेच्या लोकांना दिली. ही माती प्रेक्षकांनी कपाळाला लावायची असते. थोडी माझ्याही ओंजळीत पडली. मी कपाळाला बोट टेकलं आणि उरलेली दोन्ही मुठींत तशीच राहिली. वस्ताद माझ्या शेजारी उभे होते, पण त्यांनी हात पुढं केला नाही.

कुस्ती लागली. पहिल्यांदा मारुतीनंच दस्तगीरला खाली घेतला. किती वेळ तो पालथा, माती धरून पडला होता कोण जाणे. मारुती त्याला उलटवायला बघायचा आणि हा पुन्हा पोट मातीला चिकटवायचा. मग एकदा तो उलटलाच. सगळा फड उभा राहिला. दस्तगीरनं डोकं आणि टाचा रोवून पाठ वर तोलून धरली, जमिनीपासून वीतभरही नाही. माझ्या दोन्ही मुठींतल्या मातीचा घामानं चिखल झाला होता. आणि त्याच कमानीतून तो कसा फिरला ते मला आजही सांगता येणार नाही. मारुती खाली होता, त्याची पाठ थाड्दिशी मातीला लागली होती.

मी धावलो. माझ्याआधी कुणी धावलं असेल तर मला दिसलं नाही. पंचांचा हात वर जायच्या आत पन्नास माणसं हौदात होती आणि मी दस्तगीरला कवटाळून त्याच्या पाठीवर थापा मारत होतो. "शाब्बास! शाब्बास पठ्ठे!" दोन्ही तळव्यांनी, मन भरेस्तोवर.

अमीनसाहेबांनी शिट्टी फुंकून लोकांना बाहेर काढलं. पंचांनी दोघांना पाठमोरं उभं केलं. मारुतीच्या पाठीला माती होती. दस्तगीरच्याही होती.

"आधी हाच लागला व्हता!" भूमकर ओरडले. "कमान खाली आली व्हती, आमी बघितली!"

बेंबळीकर धोतरं खोचून पुढं सरसावले. थोरल्या पंचांनी हात वर केला. "माती दोगांच्या बी पाठीला हाय. ह्येच्या पाठीला कुनी हात लावला आसंल तर त्यानं आत्ताच सांगावं."

मी माझ्या तळव्यांकडं पाहिलं. दोन्ही लाल होते. सांगायचं एवढंच होतं की तो मी. पण एका बाजूला चिडलेले भूमकर, दुसऱ्या बाजूला त्याहून चिडलेले बेंबळीकर, आणि मधे परमुलखातला मी. मी हात धोतरात लपवले.

दस्तगीर माझ्याकडंच बघत होता. त्याला माहीत होतं. त्यानं एकदा बोट केलं असतं तर पुरे होतं. त्यानं नजर काढून घेतली आणि पंचांना म्हणाला, "पाठ पुसा माझी. पुन्ना धरतो."

"दम तर खा," पंच म्हणाले.

"दम नगं. आत्ताच लावा."

दोघं पाणी पिऊन पुन्हा उभे राहिले. या वेळी शिपायांनी कडेनं दोर धरला होता. दुसरी कुस्ती पहिलीहून लांबली. दस्तगीरच्या मांड्या थरथरत होत्या, तरी तो मागं सरला नाही, बाहेर गेला नाही, एकदाही वेळ मागितला नाही. "इकलेला" म्हणणारे कधी गप्प झाले ते कळलं नाही. सावल्या हौदावर आल्या तेव्हा मारुतीनं त्याला उचललं आणि आपटलं. पाठ सपाट लागली. तिथं वादाला जागा नव्हती.

मारुतीनं त्याला हात देऊन उठवलं, आपल्या पंच्यानं त्याच्या पाठीची माती पुसली आणि त्याचा हात धरून फडाला फेरी मारली. जिंकलेला हरलेल्याला घेऊन फिरतो हे मी आधी कधी पाहिलं नव्हतं. भूमकर उभे राहून टाळ्या वाजवत होते. मला रडू फुटलं.

तो विहिरीवर अंग धूत होता तेव्हा मी गेलो. "पैलवान, मी बार्शीचा मास्तर. ती माती माझ्या हाताची होती. मी बोललो नाही."

"ठावं हाय मला."

"मग माझं नाव का घेतलं नाहीस?"

त्यानं डोक्यावर आणखी एक घागर ओतली. "घेतलं आसतं तर लोकांनी तुमाला फोडून काडलं आसतं. आन उद्या म्हनले आसते, बार्शीचा साक्षीदार इकत आनला. मला साक्ष नगं व्हती, मास्तर. कुस्ती पायजे व्हती."

मागं वस्ताद येऊन उभे राहिले होते. दस्तगीर त्यांना बघून ओल्या अंगानंच ताठ झाला. "पाडलं न्हाय म्या, वस्ताद," तो म्हणाला.

म्हाताऱ्यानं त्याच्या थरथरणाऱ्या पायांकडं पाहिलं. "मंगळवारी नवी माती टाकायची हाय तालमीत," ते म्हणाले. "ताक तू घिऊन ये." दस्तगीर खाली बसला आणि त्यानं त्यांचे पाय धरले. मी तिथून निघून आलो. तिथं माझं काही काम नव्हतं.

दुसऱ्या दिवशी येडशी स्टेशनात लातूरकडच्या माणसांनी विचारलं, "निकाल काय झाला?" मी म्हटलं, "मारुती जिंकला." ते खरं होतं आणि तरी बार्शीपर्यंत मला टोचत राहिलं. घरी आल्यावर बायकोनंही तेच विचारलं. तिला सगळं सांगितलं, धोतरावरचे लाल डाग दाखवले. ती म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? मी थोडीच फडात होते? जे होते त्यांना सांगा."

त्या सगळ्यांना गाठायचं कसं? म्हणून हे लिहायला बसलो, आणि नावागावासकट छापा असं संपादकांना कळवणार आहे. प्रवासाला माणूस नवं काही बघायला जातो म्हणतात. मी जाऊन स्वतःला पाहून आलो, आणि जे पाहिलं ते मला आवडलं नाही. एवढं तरी दुरुस्त करतो. पंचांनी विचारलं होतं, त्याचं उत्तर असं आहे: हात माझा होता. दस्तगीरची पाठ लागली नव्हती. पहिली कुस्ती त्यानं मारली होती.